यूआय५ सर्व्हला सगळं झकास, बिल्डला थीमची बोंब. कुठं चुकतोय?

नवीपेठकर
नमस्कार मंडळी. तीन दिवस झाले डोकं धरून बसलोय, आता विचारतोच. लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड नाही म्हणून मोबाईलवरनं लिहितोय, कमांडा पण देवनागरीतच येतील, सांभाळून घ्या.

मी सोलापुरातनं घरूनच काम करतो, एका टॉवेलच्या कारखान्याचं ऑर्डर-डिस्पॅचचं काम आहे, कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ओपनयूआय५ (वेब अ‍ॅप करायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) मध्ये तीन अ‍ॅप आहेत, ऑर्डर, यार्न स्टॉक आणि डिस्पॅच. तिन्हीत तेच तेच कंट्रोल, म्हणजे स्क्रीनवरचे तयार तुकडे, कॉपी-पेस्ट करून कंटाळा आला म्हणून एक कॉमन लायब्ररी काढली, त्यात शेड कार्ड नावाचं एक कंट्रोल आहे, धाग्याची शेड, काउंट, टॉवेलचं जीएसएम (चौरस मीटरमागे वजन), डझन असं सगळं एका चौकोनात दाखवतं. लायब्ररीत थीमचे (रंगरूपाचे) फोल्डर पण केले, बेस, सॅप_होरायझन आणि सॅप_होरायझन_डार्क. डार्क हवंच आहे कारण नाईट शिफ्टचे सुपरवायझर म्हणतात पांढऱ्या स्क्रीनने डोळे जातात.

आता गंमत ऐका. अ‍ॅपच्या फोल्डरमधून यूआय५ सर्व्ह (आपल्याच मशीनवर चालवून बघायची कमांड) मारलं की सगळं एक नंबर दिसतं, लाईट पण डार्क पण. पण लायब्ररीच्या फोल्डरमध्ये जाऊन यूआय५ बिल्ड (सर्व्हरवर चढवायच्या फाइली तयार करायची कमांड) मारलं की बिल्डथीम्स टास्कवर येऊन पडतं, म्हणतं कोअरच्या सॅप_होरायझन फोल्डरमधली बेस.लेस (लेस म्हणजे जिच्यापासून रंगरूपाची सीएसएस तयार होते ती फाईल) सापडत नाही. अरे सर्व्हला सापडते ना मग बिल्डला काय झालं?

मग कुठंतरी वाचलं की टास्क वगळता येतो, म्हणून --एक्सक्लूड-टास्क=बिल्डथीम्स टाकलं, बिल्ड झालं बाबा एकदाचं, खूश होऊन सर्व्हरवर चढवलं तर शेड कार्ड म्हणजे नुसता अक्षरांचा ढीग, रंग नाही बॉर्डर नाही काही नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लायब्ररी.सीएसएस ला ४०४, म्हणजे फाईलच नाही. सोमवारी मालकांना डेमो आहे. कोणी सांगेल का?

शेंगाचटणी
काय करलालास बे, एरर गेली म्हणून खूश झालास आणि एररसोबत सीएसएस पण गेली की! सीएसएस तयार करायचं काम तोच टास्क करतो आणि तोच तू काढून टाकलास. भाकरी करपते म्हणून चूल विझवल्यागत झालं हे.

असो, हसू झालं. कामाचं सांग. लायब्ररीच्या यूआय५.यॅमल (सेटिंगची फाईल) मध्ये फ्रेमवर्कखाली काय काय लिहिलंयस, अ‍ॅपच्या यॅमलमध्ये काय आहे, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) कुठलं आणि सीएलआय (त्या यूआय५ कमांडांचं टूल) कुठलं.

नवीपेठकर
हसा हसा. नोड २०, सीएलआय ४. लायब्ररीच्या यॅमलमध्ये टाईप लायब्ररी, फ्रेमवर्क ओपनयूआय५, व्हर्जन १.१२०, आणि लायब्ररीजमध्ये फक्त सॅप.यूआय.कोअर आणि सॅप.एम. अ‍ॅपच्या यॅमलमध्ये ते दोन आहेतच शिवाय सॅप.यूआय.लेआउट, सॅप.एफ आणि थीमलिब_सॅप_होरायझन. अ‍ॅपचं यॅमल आधीच्या माणसाने करून ठेवलं होतं, मी त्याला हात लावला नाही.

लिहिता लिहिता मलाच दिसायला लागलंय काहीतरी.

होटगीरोड
दिसलं ना? तेच आहे. तरी नीट सांगतो कारण हे मी स्वतः दोन वेळा खाल्लंय, आणि दुसऱ्या वेळी तर पहिल्या वेळचं विसरून.

कोअर लायब्ररीसोबत बेस थीम येते. होरायझन तिच्यात नाही, ती वेगळ्या पॅकेजात आहे, त्याचंच नाव थीमलिब_सॅप_होरायझन. लाईट, डार्क आणि ते दोन हाय कॉन्ट्रास्ट, सगळे त्याच्यातच. तुझ्या लायब्ररीच्या होरायझन फोल्डरमधली लायब्ररी.सोर्स.लेस वरती इम्पोर्ट करते ती कोअरची होरायझनवाली बेस.लेस, म्हणजे त्या थीमलिबमधलीच फाईल. तू अ‍ॅपमधून सर्व्ह करतोस तेव्हा रूट प्रोजेक्ट (जिथून कमांड मारली तो) अ‍ॅप असतं, अ‍ॅपच्या यॅमलमध्ये थीमलिब आहे, त्यामुळे फाईल सापडते आणि सर्व्हर तिथल्या तिथं लेसचं सीएसएस करून देतो. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये गेलास की रूट होते लायब्ररी, आता तिचंच यॅमल चालणार, तिच्यात थीमलिबचा पत्ता नाही. घरात सगळ्यांची भांडी एकत्र असतात तोवर चालतं, वेगळं बिऱ्हाड केलं की कळतं तवा आपला नव्हताच.

इलाज सोपा. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये यूआय५ अ‍ॅड थीमलिब_सॅप_होरायझन --ऑप्शनल एवढं मार, यॅमलमध्ये ओळ आपोआप येते. ऑप्शनल एवढ्यासाठी की लायब्ररी स्वतः रूट असेल तर ती थीमलिब आणली जाते, आणि दुसऱ्या कुणाच्या अ‍ॅपमध्ये ती डिपेन्डन्सी (लागणारी लायब्ररी) म्हणून गेली तर त्या अ‍ॅपने थीमलिब मागितली असेल तरच आणली जाते. लायब्ररीने दुसऱ्याच्या गळ्यात थीम मारू नये हा त्याच्यामागचा हिशोब. आणि ते एक्सक्लूड आधी काढ, बिल्ड स्क्रिप्टमध्ये राहिलं असेल तर परत तीन दिवस जातील. बिल्ड करताना --क्लीन-डेस्ट पण लाव म्हणजे डिस्टमध्ये (बिल्डच्या फाइली पडतात त्या फोल्डरमध्ये) जुनं काही पडून राहणार नाही.

यूआय५ ट्री नावाची कमांड आहे, कुठला प्रोजेक्ट कशावर अवलंबून ते झाडासारखं दाखवते. दोन्ही फोल्डरमध्ये एकेकदा मारून बघ, फरक डोळ्यानं दिसेल.

आता एक बारीक गोष्ट, हिच्यात माझा अख्खा रविवार गेला होता. लायब्ररी रूट असताना थीमची फाईल नाही सापडली तर बिल्ड बोंब मारतं, तुला दिसलंच. पण लायब्ररी डिपेन्डन्सी म्हणून बिल्ड होत असेल, म्हणजे तू अ‍ॅपमधून यूआय५ बिल्ड --ऑल मारलंस आणि कोअरकडे ती थीमच नाही, तर बोंब नाही काही नाही, ती थीम गुपचूप वगळली जाते. बिल्ड यशस्वी म्हणून हिरवं दिसतं आणि लायब्ररी.सीएसएस नसतेच. म्हणून तिन्ही अ‍ॅपच्या यॅमलमध्ये थीमलिब आहे का बघून घे. एकात आहे म्हणून तिन्हीत असेल असं धरू नको.

बाकीचं रात्री लिहितो, आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे, टाकी भरायचीये.

शेंगाचटणी
पाण्याचा दिवस म्हणजे सोलापूरकराचा सण. पाच दिवसांनी येतो, बिल्डचं काय, ते कधीही होतंय.

जुना_भिडू
थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. एवढ्यासाठी लायब्ररी, थीमचे तीन फोल्डर, बिल्ड टास्क, हा पसारा खरंच लागतो का? अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती लिहायची फाईल) रिसोर्सेसखाली सीएसएसची एक फाईल लिहायची सोय आहे, कंट्रोलची पंधरा ओळींची सीएसएस त्यात टाकली की झालं, लेस नको की बिल्डथीम्स नको.

आम्ही २०१३-१४ ला एक्स्ट जेएस वर (असंच एक जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) काम करायचो तेव्हा त्याचं बिल्डचं टूल सेंचा कमांड होतं. त्याला जावा लागायचं, आणि थीमला सास आणि कंपास (लेससारखंच सीएसएस तयार करणारं) लागायचं म्हणून वर रूबी पण टाकावं लागायचं. जावास्क्रिप्टची एक थीम करायला मशीनवर जावा आणि रूबी, हे आजच्या पोरांना सांगितलं तर थट्टा वाटेल. पुढं सेंचा कमांड ६ मध्ये फॅशन नावाचा त्यांचा स्वतःचा कंपायलर आला आणि रूबी सुटलं. पण त्यांच्या थीमची रचना मला आवडायची, बेसवर न्यूट्रल, न्यूट्रलवर क्लासिक किंवा नेपच्यून, आणि त्याच्यावर आपली. आपण खालची थीम एक्स्टेंड करायची आणि चारच व्हेरिएबल बदलायचे. तुमच्या या यूआय५ मध्ये पण तसंच दिसतंय, नवीन काय?

होटगीरोड
नवीन काही नाही काका, बरोबर आहे तुमचं. एकच अ‍ॅप आणि एकच थीम असती तर मी पण मॅनिफेस्टमध्ये सीएसएस टाकून मोकळा झालो असतो. पण ह्याची तीन अ‍ॅप आहेत आणि डार्क पण पाहिजे. साध्या सीएसएसला कुठली थीम चालू आहे ते कळत नाही, ती एकच फाईल लाईटला पण लागणार आणि डार्कला पण, मग नाईट शिफ्टला काळ्यावर काळी अक्षरं. लायब्ररीत थीमचं फोल्डर असलं की यूआय५ चालू थीमप्रमाणे त्या त्या फोल्डरची लायब्ररी.सीएसएस उचलतं. बिल्ड प्रत्येक थीमला तीन फाइली काढतं, लायब्ररी.सीएसएस, लायब्ररी-आरटीएल.सीएसएस (उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषांसाठी) आणि लायब्ररी-पॅरामीटर्स.जेसन. तिसरीत व्हेरिएबलच्या किमती असतात, जावास्क्रिप्टमधून थीमचा रंग विचारायचा असेल तर तिथून मिळतो.

आणि फोल्डर नाही तर सीएसएस नाही, हे पण धरून चाला. उद्या कोणी हाय कॉन्ट्रास्ट थीम लावली आणि आपल्या लायब्ररीत त्या नावाचं फोल्डर नसेल तर परत ४०४.

नवीपेठकर, दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली, लेसमध्ये रंग लिहिताना हेक्स, म्हणजे #०००००० असा ठरीव रंगाचा आकडा, टाकू नको. @सॅपटेक्स्टकलर, @सॅपबॅकग्राउंडकलर, @सॅपब्रँडकलर असे थीमचे व्हेरिएबल आहेत, ते वापर. म्हणजे कंट्रोलची लेस एकच राहते, बेस फोल्डरमध्ये, आणि होरायझन आणि डार्कच्या फोल्डरमध्ये नुसत्या इम्पोर्टच्या ओळी. दुसरी, सर्व्हरवर चढवायचं कसं. अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये नुसतं यूआय५ बिल्ड मारलं तर फक्त अ‍ॅप बिल्ड होतं, लायब्ररी डिस्टमध्ये येतच नाही. --ऑल मारलं तर लायब्ररी येते पण सोबत फ्रेमवर्कच्या लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी पण येतात, डिस्ट फुगतं. तू फ्रेमवर्क सीडीएनवरून (इंटरनेटवरच्या तयार सर्व्हरवरून) घेत असशील तर --इन्क्लूड-डिपेन्डन्सी आणि पुढं तुझ्या लायब्ररीचं नाव, एवढंच पुरे.

चाटीगल्ली
मधे तोंड घालतो. माझे वडील चादरीच्या मागावर होते, जॅकार्डवाल्या. मला हे थीमचं असं समजलं: बेस म्हणजे ताणा, तो मागावर एकदाच चढवायचा, आणि होरायझन, डार्क म्हणजे बाण्याचा रंग आणि जॅकार्डची पंच केलेली कार्डं. माग तोच, ताणा तोच, कार्डाची माळ बदलली की मोराच्या जागी कमळ. चूक असेल तर सांगा.

एक प्रश्न पण आहे. टाईपमध्ये लायब्ररी वेगळं आणि थीम-लायब्ररी वेगळं दिसतंय, ह्याने थीम-लायब्ररी करायला नको होती का?

शेंगाचटणी
आला बघा मागावर. सोलापुरात कुठलाही विषय काढा, तिसऱ्या मिनिटाला चादर येणारच. पण अण्णा, उपमा बसली हां.

होटगीरोड
बसली, फक्त इथं ताण्यातल्या काही धाग्यांचा रंग पण कार्ड ठरवतं, त्यामुळे जास्त ताणू नका. ताणू नका म्हणजे काय ते कळलं असेलच.

थीम-लायब्ररी नको त्याला. तिच्यात कंट्रोल नसतात, नुसती थीम असते, आणि ती एकाच वेळी बऱ्याच लायब्ररींसाठी असते. म्हणजे उद्या कारखान्याची स्वतःची थीम काढली, बटणापासून टेबलपर्यंत सगळं त्यांच्या रंगात, तर थीम-लायब्ररी. सोर्समध्ये प्रत्येक लायब्ररीच्या मार्गाने फोल्डर करत जायचे आणि आत त्या थीमचं नाव. ती थीमलिब_सॅप_होरायझन पण त्याच जातीची आहे. आपल्या कंट्रोलची आपली सीएसएस, ती लायब्ररीतच राहू दे.

नवीपेठकर
झालं!!! बिल्ड झालं, तिन्ही थीमच्या फाइली आल्या. यूआय५ ट्री मारून बघितलं, अ‍ॅपच्या झाडात थीमलिब होती आणि लायब्ररीच्या झाडात नव्हती, दहा सेकंदात कळलं असतं. आणि तुम्ही म्हणालात तसंच, यार्न स्टॉकच्या अ‍ॅपमध्ये थीमलिब नव्हतीच, ते कुणाच्या लक्षात पण आलं नव्हतं. होटगीरोड दादा, डेमो झाला की पार्क चौकात चहा माझ्याकडनं.

पण आता नवीनच झालंय. शेड कार्डच्या आतल्या भागाची रुंदी मी कॅल्क (सीएसएसमधलं गणित) मध्ये १००% वजा २ रेम (अक्षराच्या आकारावरचं माप) अशी दिली होती. आता बिल्ड झालेल्या सीएसएस मध्ये बघतो तर सरळ ९८% लिहिलंय. मोबाईलवर कार्ड बाहेर सांडतंय. हे ९८ कुठून आलं, मी तर कुठंच लिहिलं नाही.

कडकभाकरी
हे माझ्या आवडीचं आहे म्हणून मी सांगते. १०० वजा २ किती होतात? ९८. लेसने तुमची वजाबाकी स्वतःच करून टाकली, टक्के आणि रेम हे वेगळे आहेत याचा विचार न करता पहिल्या संख्येचं एकक लावून मोकळं. यूआय५ चं थीम बिल्ड लेस-ओपनयूआय५ नावाच्या पॅकेजवर चालतं आणि त्याच्या पोटात लेस १.६.३ आहे, जुनं. लेसने कॅल्कच्या आतलं गणित सोडून द्यायला ३ व्हर्जनपासून सुरुवात केली, त्याच्या आधी ते सगळंच सोडवत बसायचं. म्हणून आतला भाग ~ आणि दुहेरी अवतरणात टाकायचा, म्हणजे कॅल्क, कंस, ~, अवतरण, १००% - २रेम, अवतरण, कंस बंद. त्याने लेसला कळतं की इथं हात लावायचा नाही, जसं आहे तसं पुढं पाठव. ओपनयूआय५ चा स्वतःचा सोर्स उघडून बघा, जिथं तिथं असंच लिहिलेलं दिसेल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं कुणाची तरी लिहायची सवय असेल, म्हणून एका ठिकाणी साफ करायला गेले, आणि टेबलचा अर्धा कॉलम गायब.

त्याच कारणाने इंटरनेटवर लेसची जी नवी नवी फंक्शन दिसतात ती इथं टाकून बघू नका, बरीचशी १.६ मध्ये नाहीतच. एडिटर लाल रेघ देत नाही, बिल्ड देतं.

अजून एक, ती आरटीएलची फाईल फुकट जागा खाते म्हणून कुणी डिस्टमधून उडवू नका. आमच्याकडे एका क्लायंटचा माल आखातात जातो, तिकडच्या माणसाला अरबीत स्क्रीन दिली तर उजवीकडून डावीकडे वळवलेली सीएसएस तीच फाईल देते, डावं पॅडिंग उजवीकडे वगैरे सगळं बिल्डच उलटं करून ठेवतं, आपल्याला एक ओळ लिहावी लागत नाही. आमच्या एका पोराने जागा वाचवायला उडवली होती. पाच केबी वाचले, आणि दुबईहून फोटो आला, सगळ्या ओळी एकमेकांवर चढलेल्या.

जुना_भिडू
कडकभाकरी ताई, ९८% चं वाचून हसू आवरेना. आमच्या काळी रूबीच चालू व्हायचं नाही त्यामुळे असल्या चुका करायची संधीच मिळाली नाही.

बरं लायब्ररी आणि अ‍ॅप एकाच मशीनवर असताना प्रत्येक बदलाला लायब्ररी परत पब्लिश करावी लागते का? की लिंक करता?

होटगीरोड
लिंक पण चालते. पण सीएलआयच्या ३ व्हर्जनपासून, म्हणजे २०२३ पासून, वर्कस्पेस आहे. अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये यूआय५-वर्कस्पेस.यॅमल नावाची फाईल करायची, नाव डिफॉल्ट ठेवायचं आणि रिझोल्युशन्समध्ये शेजारच्या लायब्ररीच्या फोल्डरचा मार्ग द्यायचा. मग नोड मॉड्यूल्समधल्या (डाउनलोड झालेल्या पॅकेजांचं फोल्डर) कॉपीऐवजी ते शेजारचंच फोल्डर घेतं. लेसमध्ये बदल केला, ब्राउझर रिफ्रेश केला, दिसलं. फक्त पॅकेज.जेसन मध्ये लायब्ररी डिपेन्डन्सी म्हणून लिहिलेली पाहिजे.

आणि फ्रेमवर्कच्या व्हर्जनचं लक्षात असू द्या, जो रूट त्याचंच व्हर्जन सगळ्यांना लागू. लायब्ररीत १.१२० आणि अ‍ॅपमध्ये दुसरं काही असेल तर अ‍ॅपमधून चालवताना अ‍ॅपचंच लागणार. एकदा डाउनलोड झालेलं फ्रेमवर्क होम फोल्डरमधल्या .यूआय५ मध्ये राहतं, नेट गेलं तरी पुढचं बिल्ड अडत नाही. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर माझं बिल्ड चालू असतं आणि राउटर मेलेला असतो.

नवीपेठकर
कॅल्क सुधारलं, कार्ड आत बसलं. वर्कस्पेस पण केलं, आधी का नाही केलं असं झालंय. सर्व्हरवर चढवून आलो आत्ताच, तिन्ही अ‍ॅप, लाईट डार्क दोन्ही, ४०४ एक पण नाही. कारखान्यातल्या सुपरवायझर मामांना लिंक पाठवली, ते म्हणाले डार्क भारी दिसतंय पण जीएसएमचा आकडा कुठं गेला.

बघतोय. लाईटमध्ये तर दिसतोय व्यवस्थित.

होटगीरोड
जीएसएमला हेक्स टाकलायस ना?

नवीपेठकर
हो.